आधी मास्तर, मग इमारत!



कोपरीच्या जिल्हा बैठकीपुढे यंदा एक ठराव येणार आहे. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी शेतकऱ्यांच्या, कोळ्यांच्या, शेतमजुरांच्या मुलामुलींसाठी समुदाय महाविद्यालय सुरू करावे, असा तो ठराव आहे. त्यालाच सगळे कम्युनिटी कॉलेज म्हणतात. या मागणीबद्दल आपल्यात दुमत नाही. दुमत आहे ते ठरावाच्या दुसऱ्या ओळीबद्दल. तालुक्यांतून आलेल्या मसुद्यांत ती ओळ अशी आहे: महापालिकेने अंदाजपत्रकात महाविद्यालयाच्या इमारतीसाठी भरीव तरतूद करावी.

या दुसऱ्या ओळीला आमचा विरोध आहे. ती तशीच मंजूर झाली तर आपल्याला इमारत मिळेल आणि कॉलेज मिळणार नाही. ठेकेदाराचे भले होईल, पुढाऱ्याच्या नावाची कोनशिला बसेल, आणि आपली पोरे पूर्वीप्रमाणेच कंपनीच्या गेटावर हंगामी कामासाठी रांग लावतील. असे का, ते सविस्तर मांडतो. पटले तर हात वर करा, नाही पटले तर बैठकीत उभे राहून खोडून काढा.

कॉलेज म्हणजे काय मागतो आहोत?

आधी शब्द नीट समजून घेऊ. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आणखी एक बी.ए., बी.कॉम.चे कॉलेज नव्हे. ठाण्यात बांदोडकर आहे, कल्याणात बिर्ला आहे, डोंबिवलीत पेंढरकर आहे. पदवीचे कारखाने आपल्याकडे कमी नाहीत. दहावीत गळालेला, बारावीत अडकलेला, लग्न होऊन शिक्षण सुटलेली, चाळीशीत कारखाना बंद पडून घरी बसलेला, अशा सगळ्यांना सहा महिन्यांत, वर्षात, दोन वर्षांत एखादे काम पक्के शिकवणारी आणि त्याची गणना पुढच्या शिक्षणात धरणारी शाळा म्हणजे कम्युनिटी कॉलेज. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास ही योजना देशभर आणली तेव्हा अभ्यासक्रमाचा साठ टक्के भाग हाताच्या कौशल्याचा आणि चाळीस टक्के सामान्य शिक्षणाचा ठेवला. विचार चांगला होता.

आपल्या जिल्ह्यात याची गरज कशाला आहे ते शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पंपाची मोटर जळली की बांधणीसाठी तालुक्याला न्यावी लागते. दूध तपासणारा माणूस डेअरीचाच असतो, त्याने सांगितलेली फॅट आपण मुकाट्याने मान्य करतो. जमिनीची मोजणी आली की भूमापकाच्या मागे फिरतो. भाजी वाशीच्या बाजारात पोहोचेपर्यंत निम्मी मान टाकते, कारण प्रतवारी, बांधणी, शीतगृह यातले जाणणारा गावात कोणी नाही. चेंदणीच्या कोळणीला मासळी टिकवण्याचे शास्त्र कोणी शिकवले नाही, फक्त खाडी घाण झाली एवढे तिला दिसते आहे. ही सगळी कामे शिकवता येतात. त्यात पोटापाण्याची कमाई आहे. त्यासाठी चार वर्षांची पदवी लागत नाही.

आम्ही स्वतः कृषीचे पदवीधर आहोत. चार वर्षे मातीचे रसायन शिकलो. आमच्या बरोबरीचे बहुतेक जण पुढे बँकेत, खतकंपनीत किंवा स्पर्धा परीक्षेच्या वाटेला गेले. मातीचे शिकून मातीपासून दूर जाण्याची ती परंपरा आम्हाला पुन्हा चालवायची नाही.

पैसा कोणाचा?

महापालिका पैसे देणार म्हणजे उपकार करणार, असा सूर आपल्याच काही मंडळींच्या बोलण्यात असतो. तो आधी काढून टाका.

शेतकऱ्याने शिक्षणासाठी पैसे भरायला आज सुरुवात केलेली नाही. १८६३ साली मुंबई इलाख्यात इंग्रज सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसवली. दोन हिस्से रस्त्यांना आणि एक हिस्सा शाळांना, अशी वाटणी होती. आणा शेतकऱ्याचा, आणि त्यातून शिकले कोण? महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हेच गाऱ्हाणे मांडले. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर. या पट्टीतला शिक्षणाचा हिस्सा वाढवा, तो प्राथमिक शाळांवर लावा आणि निदान बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा, अशी त्यांची मागणी होती. जोतीरावांनी इमारती मागितल्या नाहीत. रयतेच्या पोराला समजेल असे शिक्षण आणि रयतेतूनच तयार झालेले शिक्षक मागितले. आज सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण त्यांच्या मागे तरी जाऊ नये.

स्वराज्य आले, पट्टीचे नाव बदलले. १९६२ च्या कायद्याने राज्यात शिक्षण कर आला. शहरातल्या इमारतींवर तो बसला आणि खेड्यात नगदी पिकांच्या जमिनीवरही. घरपट्टीचे बिल काढून बघा, त्यात शिक्षण कराचा रकाना दिसेल. राज्याचा शिक्षण कर महापालिका वसूल करते आणि सरकारकडे भरते. १९९२ पासून जमिनीचा विकास करणाऱ्याकडून विकास शुल्क घेतले जाते. शेत गेले, बिगरशेती झाले, त्यावर मजले चढले, आणि प्रत्येक टप्प्यावर महापालिकेच्या तिजोरीत पैसा पडला. त्या पैशाचे मूळ आपल्या सातबाऱ्यावर आहे.

कल्याण-डोंबिवलीच्या सत्तावीस गावांचे उदाहरण घ्या. १९८३ साली महापालिका झाली तेव्हा गावे आत. २००२ साली बाहेर. २०१५ साली पुन्हा आत. गावकऱ्यांना विचारून ती कधी आत आली नाहीत. नेवाळीच्या शेतकऱ्यांची जमीन दुसऱ्या महायुद्धात धावपट्टीसाठी घेतली, ती परत मिळावी म्हणून २०१७ साली लोक रस्त्यावर उतरले आणि गोळ्या-लाठ्या खाल्ल्या. शहापूरच्या भातसा धरणाचे पाणी मुंबई-ठाण्याच्या नळाला येते आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतो. जमीन आपली, पाणी आपले, पट्टी आपली. तेव्हा कॉलेजसाठी आपण मागतो ते दान नाही, ते आपल्याच पैशाचे देणे आहे. आणि ज्याचा पैसा आहे, तो कसा खर्च व्हावा याची अट घालण्याचा हक्कही त्याचाच.

इमारत एवढी आवडते का?

महापालिकेकडे कॉलेज मागा, ती इमारत देते. शिक्षक मागा, ती समिती नेमते. असे का होते?

अंदाजपत्रकात दोन खाती असतात, महसुली खर्च आणि भांडवली खर्च. शिक्षकाचा पगार महसुली खात्यात जातो, दरमहा द्यावा लागतो, निवृत्तीपर्यंत द्यावा लागतो. इमारत भांडवली खात्यात जाते, एकदा निविदा काढली की काम सुटते. पगारात कोणाला टक्केवारी नसते. बांधकामात अंदाजपत्रक असते, सुधारित अंदाजपत्रक असते, वाढीव काम असते, मुदतवाढ असते, आणि प्रत्येक 'असते'च्या मागे कोणी ना कोणी उभा असतो. शिक्षकाच्या नेमणुकीला नारळ फुटत नाही. इमारतीला दोनदा फुटतो, भूमिपूजनाला एकदा आणि लोकार्पणाला एकदा. दोन्हींच्या मध्ये निवडणूक आली तर तिसऱ्यांदाही फुटतो.

दाखला लांबचा नको. ठाण्यात बाळकुमला महापालिकेने दिलेल्या जागेवर मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र उभे राहिले. तिथे कायद्याचे आणि व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम चालतात. चालावेत, आमचे वैर नाही. पण बाळकुमच्या, कोलशेतच्या, कोपरीच्या भूमिपुत्रांच्या किती मुलांना तिथे काय शिकायला मिळाले, हा प्रश्न जागा देताना महासभेत अटीच्या रूपाने लिहिला गेला पाहिजे होता. कल्याणला गांधारे येथे महापालिकेच्याच जागेवर उपकेंद्र उभारायचे ठरले. ते काम वर्षानुवर्षे रखडले. त्या सगळ्या काळात चर्चा कशाची झाली? किती मजले झाले, खर्च किती वाढला, उद्घाटन कधी. कोणते विषय, किती शिक्षक, फी किती, गावच्या मुलाला प्रवेश मिळणार का, हे प्रश्न इमारतीच्या सावलीत हरवले. इमारत पुरी होईपर्यंत एक पिढी शाळेतून बाहेर पडली आणि कामाला लागली.

राज्याची तऱ्हाही तीच. मे २०१७ मध्ये शासन निर्णयाने वरिष्ठ महाविद्यालयांतली प्राध्यापक भरती थांबली. नोव्हेंबर २०१८ मध्ये ३,५८० जागांना परवानगी मिळाली. मधल्या आणि नंतरच्या काळात वर्ग कोणी चालवले? तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांनी, तासाच्या हिशेबाने मिळणाऱ्या आणि महिनोन्‌महिने अडकणाऱ्या मानधनावर. भिंती जागच्या जागी होत्या, शिकवणारा मात्र रोजंदारीवर.

साखरेच्या पट्ट्यातला अनुभव आपल्या सगळ्यांना माहीत आहे. उसाच्या बिलातून टनामागे कपात करून शिक्षणसंस्थांना पैसा दिला गेला. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी झाली. माळावर मोठमोठ्या इमारती उभ्या राहिल्या. आज त्या इमारतीत शिकायचे तर ऊस उत्पादकाला एकर विकावा लागतो. टनामागे पैसे ज्याने दिले, तो फाटकाबाहेर राहिला. कारण पैसे देताना त्याने फक्त इमारत पाहिली, प्रवेशाची आणि फीची अट लिहून घेतली नाही. आपण त्याच वाटेने जायचे का?

हिशेब मांडू

शेतकऱ्याला भाषणापेक्षा हिशेब लवकर कळतो. आकडे समजण्यापुरते धरू, कोणत्या निविदेतले नाहीत.

समजा इमारतीला दहा कोटी रुपये लागतात. ही रक्कम इमारतीत न घालता कॉलेजच्या नावे ठेव म्हणून सात टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला सत्तर लाख रुपये व्याज येते. शिक्षकाला महिना पन्नास हजार धरले तर वर्षाचे सहा लाख होतात. अकरा शिक्षकांचे सहासष्ट लाख. उरलेल्या चार लाखांत साहित्य, वायर, काचेची भांडी, माती तपासणीची रसायने. एका शिक्षकाने पंचवीस-पंचवीसच्या दोन तुकड्या घेतल्या तर वर्षाला साडेपाचशे मुले शिकतात. आणि मुद्दल दहा कोटी जिथल्या तिथे.

आता तेच दहा कोटी भिंतीत घाला. पहिली काही वर्षे एकही मूल शिकत नाही, कारण बांधकाम चालू. नंतर रंग, गळती, लिफ्ट, वीजबिल, पहारेकरी. हा खर्च दरवर्षी कुठून येणार? तो महसुली खात्यातून, म्हणजे ज्या खात्यातून पगार द्यायचा त्याच खात्यातून. मग महापालिका म्हणणार, आता शिक्षकांना पैसे नाहीत, एखाद्या संस्थेला चालवायला देऊ. संस्था येणार, फी ठरवणार. गोठा आपल्या पैशाचा, दूध दुसऱ्याचे.

कोणी म्हणेल, महागाईने व्याजाची किंमत कमी होत जाईल. बरोबर आहे. म्हणूनच ठेवीबरोबर दरवर्षी शिक्षण कराशी जोडलेली ठरावीक भर मागायची. पण महागाईचा मुद्दा इमारतवाल्यांनी काढू नये. बांधकाम रखडते तेव्हा सर्वांत आधी महागाई त्यांच्याच अंदाजपत्रकाला खाते.

भिंतीवाचून उभी राहिलेली कॉलेजे

'इमारत नाही तर कॉलेज कसले,' असे विचारणाऱ्यांसाठी चार दाखले देतो.

पहिला अमेरिकेचा, कारण कम्युनिटी कॉलेज ही कल्पना तिथली. तिथले पहिले सरकारी दोन वर्षांचे कॉलेज १९०१ साली इलिनॉय राज्यात जोलिएट गावी सुरू झाले. गावच्या हायस्कूलच्याच इमारतीत, सहा विद्यार्थ्यांवर. इमारती नंतर आल्या, विद्यार्थी वाढल्यावर. आणि तिथे अशा कॉलेजसाठी कर्ज काढायचे झाले तर बऱ्याच ठिकाणी त्या भागातल्या मतदारांपुढे प्रश्न ठेवावा लागतो. कर भरणारा हो म्हणाला तर कर्ज, नाही म्हणाला तर नाही.

दुसरा आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ साली ते कोसबाडला नेले. २०१४ पासून तो भाग पालघर जिल्ह्यात आहे. वारली मुले गुरे राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणावर गेली. कुरणशाळा तिचे नाव. अंगणात मुले आहेत तर शाळा अंगणात भरली. त्या बायांनी आधी इमारत मागितली असती तर कोसबाडचे नाव आज कोणाला माहीत नसते.

तिसरा कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह, १९४७ साली शिवाजी कॉलेज. मूठ-मूठ धान्य गोळा करून मुले जगली, कमवा आणि शिका म्हणत स्वतः राबली. माणसे आधी जमली, छपरे त्यांच्या श्रमातून नंतर चढली. त्यामुळे त्या छपराखाली रयतेच्या पोराला 'तू कोण' असे विचारायची कोणाची टाप नव्हती.

चौथा सरकारी दाखला. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले. राज्यभर त्याची अभ्यासकेंद्रे चालतात ती बहुतांशी आधीपासून असलेल्या शाळा-कॉलेजांच्या खोल्यांत. विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१३ ची योजनाही चालू असलेल्या महाविद्यालयांच्या आवारातच कम्युनिटी कॉलेज चालवण्याची होती. तेव्हा 'इमारतीशिवाय मान्यता मिळत नाही' हे कोणी सांगितले तर त्याला कागद दाखवायला सांगा.

आपल्याच मंडळींचे आक्षेप

'इमारत बांधली नाही तर जागा जाईल.' हा सगळ्यांत वजनदार आक्षेप आहे आणि तो खरा आहे. शिक्षणासाठी राखलेल्या भूखंडावर उद्या दुसरेच काही उभे राहते, हे आपण पाहतो. नगररचना कायद्याच्या कलम ३७ खाली आरक्षण बदलता येते. पण जागा राखायला दहा कोटींची इमारत लागत नाही. महापालिकेच्या नावे मालमत्ता नोंद, पक्के कुंपण, फलक, आणि आरक्षण बदलणार नाही व भाडेपट्ट्याने खासगी संस्थेला देणार नाही असा सभागृहाचा ठराव, एवढे पुरते. इमारत बांधल्यामुळे जागा वाचते असेही नाही. रिकामी इमारत तर रिकाम्या जागेपेक्षा लवकर दुसऱ्याच्या ताब्यात जाते.

'कॉलेज चालवणे महापालिकेचे कामच नाही, तिने पाणी आणि गटारे बघावीत.' कायदा असे म्हणत नाही. महापालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये प्राथमिक शिक्षण बंधनकारक कामांत आहे आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामांची यादी आहे, तिच्यात शिक्षणाचा प्रसार बसतो. ठाणे महापालिकेने १९८७ पासून चिंतामणराव देशमुख संस्थेत प्रशासकीय सेवांच्या परीक्षांची तयारी करून घेतली, १९९२ पासून कळव्याला राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय चालवले. कलेक्टर आणि डॉक्टर घडवणे महापालिकेच्या कामात बसते, तर मोटर बांधणारा आणि माती तपासणारा का बसत नाही?

'कोपरीत आता शेतकरी आहेत कुठे?' कोपरी हे खाडीकाठचे गाव. फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, वसाहत झाली, मिठबंदराच्या रस्त्याला मीठ राहिले नाही. शेती गेली, पण ठाणे स्टेशनचे पूर्वेचे दार कोपरीतच उघडते. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी याच ठाण्याला आली. आज कसारा, आसनगाव, कर्जत, वांगणी, बदलापूर, सगळीकडून मुले याच स्टेशनात उतरतात. रिक्षाचे भाडे न देता चालत पोहोचता येईल असा वर्ग हवा असेल तर तो कोपरीत हवा. आणि त्यासाठी नवी इमारत कशाला? महापालिकेच्या शाळांच्या खोल्या शाळा सुटल्यावर कुलूपबंद पडतात. कुलूप उघडा, दिवे लावा, वर्ग सुरू.

'मग मुरबाड-शहापूरच्या मुलांनी रोज ठाण्यालाच का यायचे?' हा आक्षेप मुरबाडच्या भगिनींनी घेतला आणि तो आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. मुरबाडला रेल्वे नाही. आसनगावहून ठाण्याला तास-सव्वा तास लागतो, त्यापुढे गाव ते स्टेशन वेगळेच. अंधार पडल्यावर घरी परतणारी मुलगी चार दिवसांत घरी बसवली जाते. हाच तर आमचा मुद्दा आहे. इमारत मुरबाडला जाऊ शकत नाही, मास्तर जाऊ शकतो. कोपरीत सोमवार-मंगळवार, कल्याणला बुधवार, आणि शहापूर-मुरबाडला जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुवार-शुक्रवार, अशी फिरती तुकडी लावता येते. त्या दोन दिवसांचा खर्च जिल्हा परिषदेने उचलावा, ही मागणी त्याच ठरावात घालू. सगळा पैसा एका इमारतीत गाडला तर हे कधीच होणार नाही.

आता सभागृहाला जाब विचारा

कल्याण-डोंबिवलीत नोव्हेंबर २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. प्रशासकानेच अंदाजपत्रक मांडायचे आणि प्रशासकानेच मंजूर करायचे, असा तो काळ. वर्षानुवर्षे ना महासभेत चर्चा झाली, ना नगरसेवकाला प्रश्न विचारता आला. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर पुन्हा सभागृहे आली आहेत. मते मागायला जे दारात आले होते त्यांना आता आपण त्यांच्या दारात जाऊन विचारायचे. पण विचारायला जाताना 'इमारत द्या' म्हणून गेलो तर ते आनंदाने हो म्हणतील, आणि त्या आनंदावरूनच आपण सावध व्हायला हवे. ज्या मागणीला पुढारी लगेच हो म्हणतो, त्या मागणीत त्याचा काही तरी हिस्सा असतो.

म्हणून दुसरी ओळ काढून तिच्या जागी ही कलमे घालावीत, असा आमचा आग्रह आहे:

१. पहिली तीन वर्षे कॉलेजच्या नावे नवीन बांधकामाला एक रुपयाही नको. वर्ग महापालिकेच्या चालू शाळांत, शाळा सुटल्यावर आणि सुटीच्या दिवशी भरावेत. मुलींच्या तुकड्या दिवसाउजेडी संपाव्यात.

२. शिक्षकांची पदे आधी मंजूर करावीत, ती पूर्ण पगाराची असावीत. तासिका तत्त्व चालणार नाही. मोटर बांधणारा कसबी कारागीर पदवी नसली तरी शिकवू शकेल, अशी तरतूद असावी.

३. ज्यांच्या जमिनी प्रकल्पांना, आरक्षणांना किंवा धरणांना गेल्या त्यांच्या आणि भूमिहीन शेतमजुरांच्या मुलामुलींना निम्म्या जागा, फी माफ.

४. कोणते काम शिकवायचे हे दरवर्षी ठरवणाऱ्या मंडळात निम्मे सदस्य शेतकरी, कोळी आणि कामगार असावेत, त्यांत निम्म्या बाया.

५. भूखंडाचे आरक्षण बदलणार नाही आणि जागा किंवा कॉलेज खासगी संस्थेला देणार नाही, असा ठराव दोन्ही सभागृहांनी करावा.

६. तीन वर्षांनी किती मुले शिकली, किती कामाला लागली, याचा हिशेब छापून जाहीर करावा. तुकड्या खोल्यांत मावेनाशा झाल्या, तर आणि तरच इमारतीचा विचार. तेव्हा इमारत मागायला सर्वांत पुढे आम्ही असू.

भाताचे शेत करणाऱ्याला हा क्रम शिकवावा लागत नाही. आधी वाफ्यात रोप तयार होते, मग खाचरात चिखलणी होते, मग आवण लावतात. कणगी बांधायचा विचार पीक डोळ्यांना दिसल्यावर. पेरणीआधीच कणगी बांधणाऱ्याला गाव हसते. महापालिकेला मात्र पेरणीआधी कणगी बांधायची घाई असते, कारण कणगी बांधणारा तिचा सोयरा असतो.

बैठकीला येताना तीन कागद बरोबर आणा. एक, गेलेल्या किंवा आरक्षणात अडकलेल्या जमिनीचा सातबारा. दोन, घरपट्टीचे शेवटचे बिल, शिक्षण कराचा रकाना पेन्सिलीने खूण करून. तीन, घरात आणि शेजारी शिकायला तयार असलेल्या मुलामुलींची नावे, आणि प्रत्येकाला काय शिकायचे आहे ते त्यांच्याच शब्दांत. पहिल्या दोन कागदांवरून आपला हक्क कळेल. तिसऱ्या कागदांची चळत ठरावाला जोडून दोन्ही महापौरांच्या टेबलावर ठेवू. किती शिक्षक लागतील, कोणते लागतील, याचा अंदाज त्या चळतीतूनच निघेल.